वधूपित्याचा वाटा

ब्रिस्टलच्या उत्तरेला, झाडांच्या एका नीटस रस्त्यावर, रघुवीर आणि अर्चना यांचे चार बेडरूमचे घर आहे. रघुवीर पंचवीस वर्षे विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात होते. मुलगा वरद इथेच जन्मला, इथेच शिकला, आणि आता त्याच कारखान्यात इंजिनिअर आहे. घर सुसंस्कृत आहे. महाराष्ट्र मंडळात रघुवीरांनी एकदा हुंडाबंदीवर भाषण केले होते. भाषण इतके चांगले झाले की टाळ्या वाजवणाऱ्यांत हुंडा घेतलेले लोकही होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळपासून या घरात गडबड चालली होती. गॅसचा जुना बॉयलर जाऊन हीट पंप येणार होता. बाहेरच्या थंड हवेतलीही उष्णता ओढून घर तापवणारे हे विजेचे यंत्र. गॅस जळायचा कमी व्हावा म्हणून सरकार त्यासाठी साडेसात हजार पौंडांचे अनुदान देते. अनुदानाचे व्हाउचर पंप बसवणाऱ्या कंपनीने मिळवले होते. त्याची मुदत तीन महिने. कंपनीचा सर्व्हेअर, एक उमदा गोरा तरुण, शेवटची मोजमापे घेत खोलीखोलीतून हिंडत होता, आणि अर्चना त्याच्यामागे शिऱ्याची बशी घेऊन हिंडत होत्या.

मृणालही आली होती. ती मूळची साताऱ्याची, दोन वर्षांपासून केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. वरदशी तिचे लग्न ठरले होते. आधी मे महिना ठरला होता. मग ब्रिस्टलहून निरोप आला की फेब्रुवारीच बरा. तिला वाटले, वरदला घाई झाली असावी. त्या कल्पनेने ती प्रवासभर स्वतःशी हसतही होती.

जिन्याखालच्या कपाटात टेप धरायला सर्व्हेअरने तिची मदत घेतली. नव्या टाकीची जागा मोजता मोजता तो सहज म्हणाला, "तुझे वडील फार दिलदार दिसतात."

"माझे वडील? तू त्यांना कुठे भेटलास?"

"भेटलो नाही. वरद सांगत होता. ग्रँटच्या वरचा सगळा खर्च, टाकी, नवे रेडिएटर, ते देणार आहेत ना? लग्नाची भेट म्हणून. छान प्रथा आहे तुमची."

त्याच्या बोलण्यात जराही खोच नव्हती. मृणालने टेप शेवटपर्यंत सरळ धरला, आकडा वाचून सांगितला, आणि मग मागच्या बागेत जाऊन साताऱ्याला फोन लावला.

फोन आईने उचलला. सुप्रभाबाईंचे दोन्ही गुडघे तीन वर्षांपासून गेलेले. पंधरा जानेवारीला ऑपरेशन होणार होते. आधीच्या दोन फोनवर त्यांनी तो विषय टाळला होता.

"आई, ऑपरेशनचं काय झालं?"

"अगं, आता लग्नाच्या धामधुमीत कुठे? उन्हाळ्यानंतर बघू. काठी घेऊन जमतं मला."

"जिना?"

"बसून बसून उतरते. काही होत नाही."

"बाबांना दे फोन."

राजेंद्र साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मुलीशी खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे दोन प्रश्नांतच सगळे बाहेर आले. दिवाळीनंतर अर्चनाबाईंचा फोन आला होता. त्यांनी काहीच मागितले नव्हते. फक्त सांगितले होते की आमच्याकडे देण्याघेण्याची पद्धत नाही. पण मुलगी उष्ण देशातून आलेली, इथल्या थंडीत तिचे हाल नकोत, म्हणून एवढा खटाटोप. सरकार अर्धे देते आहे. उरलेल्याचे काय करावे, तुम्हीच सुचवा. सभ्य घरात मागणी अशीच येते. आधी माहिती येते, मग सल्ला विचारला जातो, आणि समोरचा माणूस स्वतःच्या तोंडाने हो म्हणतो. पुढे कुणी विचारलेच, तर त्याने आपण होऊन दिले!

"आणि मुलांना या व्यवहारात ओढू नका म्हणाल्या," राजेंद्र म्हणाले. "बाळा, ऊब तुलाच मिळणार आहे ना?"

"पैसे पाठवलेत?"

"सोमवारी जाणार होतो बँकेत."

"जाऊ नका."

"मृणाल, पत्रिका छापून झाल्यात."

"बाबा, मी सांगते, जाऊ नका. आईची तारीख परत घ्या."

ती आत आली तेव्हा सर्व्हेअर गेला होता आणि रघुवीर पंप कुठे बसणार ते खिडकीतून वरदला दाखवत होते.

"काका, माझ्या बाबांकडून पैसे घेताय तुम्ही?"

रघुवीरांनी चष्मा काढला. "घेतोय हा शब्द चुकीचा आहे. ते प्रेमानं देतायत."

"अगं, आम्ही काय मागितलं का?" अर्चना म्हणाल्या. "नुसती परिस्थिती सांगितली. हुंडा म्हणजे शी! आमच्या सात पिढ्यांत कुणी घेतला नाही."

"काकू, तुम्ही फोन कशाला केलात मग? मला का नाही विचारलंत? मी इथेच कमावते."

"तुझ्याकडून कसं घेणार? बरं दिसतं का ते?"

मृणाल वरदकडे वळली. तो भला मुलगा होता असे सगळे म्हणत. म्हणजे त्याने आजवर कुणाला नाही म्हटले नव्हते, आईला तर नाहीच.

"हे डाउरी नाहीये गं," तो समजुतीने म्हणाला. "थिंक ऑफ इट अ‍ॅज मॅच-फंडिंग. गव्हर्न्मेंट हाफ, फॅमिली हाफ. आणि इट्स ग्रीन. प्लॅनेटसाठी चांगला गोष्ट आहे."

"माझ्या आईचं ऑपरेशन या पैशांतून होणार होतं. तुला माहीत होतं?"

वरदने आईकडे पाहिले. "आई बोलली होती. पण मला वाटला, ते अर्जंट नाहीये. नी सर्जरी इज इलेक्टिव्ह, कधीही करता येते, ना?"

मृणाल त्याच्याकडे बघत राहिली. याच मुलाने केंब्रिजच्या नदीकाठी तिचे मोजे ओले झाले म्हणून स्वतःचे काढून दिले होते, आणि ती महिनाभर तेवढ्यावर खूश होती. तिला त्याचा राग येईना. किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

बोटातली अंगठी तिने टीपॉयवर शिऱ्याच्या बशीशेजारी ठेवली.

"मला जमणार नाही," ती म्हणाली.

"अगं, एका मशीनसाठी?" अर्चना किंचाळल्या. "लोक काय म्हणतील?"

"त्यांनाही सांगा. नुसती परिस्थिती सांगा."

राजेंद्र आठ दिवस मुलीशी बोलले नाहीत. कार्यालयाची अनामत बुडाली, पत्रिका रद्दीत गेल्या, सुप्रभाबाईंच्या जावेने घरी येऊन अर्धा तास डोळे पुसले. ब्रिस्टलच्या हळदीकुंकवात बायकांनी तिळगूळ खात निकाल दिला, की मुलगी फार शिकलेली, जरा फटकळच. आणि दिलं असतं थोडं तर काय बिघडलं असतं, तिचंच घर. रघुवीर मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभे होते, ते बिनविरोध निवडून आले. फेब्रुवारीच्या शेवटी साताऱ्यात सुप्रभाबाईंच्या पहिल्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून त्या खिडकीपर्यंत गेल्या. त्या पावलांचा व्हिडिओ राजेंद्रांनी मुलीला पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नव्हता. मृणालने तो प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून चारदा पाहिला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मैत्रिणीकडून कळले की वरदचा साखरपुडा ठरला. मुलगी लंडनजवळच्या हाउन्सलोची, वैभवी नाव, विमानतळावरच्या दुकानात सुपरवायझर. वडील तिथेच सामान चढवण्याच्या कामावर. लग्न याच महिन्यात, रजिस्टर पद्धतीने, घाईने. घाई का, ते मृणालला कुणी सांगायची गरज नव्हती. व्हाउचरला अजून तीन आठवडे होते.

मैत्रीण म्हणाली, "सोड ना, तू सुटलीस." मृणालने एक दिवस ते ऐकले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नंबर मिळवला.

"वैभवी? मी मृणाल. तू मला ओळखत नाहीस."

"ओळखते," पलीकडचा आवाज सावध झाला. "तुमचा टेंपर फार आहे, म्हणून मोडलं, असं सांगितलं त्यांनी."

"असेल. एकच विचारते. तुझ्या बाबांना पंपाबद्दल काही बोललेत का ते?"

दुकानातले बीप-बीप ऐकू येत होते. मग ते दूर गेले. वैभवी मागच्या खोलीत गेली असावी.

"पंपाचा बाकीचा खर्च," ती हळू म्हणाली. "आणि छपरावर सोलर पॅनल्स. त्याला ग्रँट नाही म्हणे, म्हणून ते पूर्ण आमच्याकडून. बाबांनी कालपासून डबल शिफ्ट घेतलीय. त्यांची कंबर आधीच... मला वाटलं, असंच असतं."

"नसतं," मृणाल म्हणाली. "किती वाजता सुटतेस?"

"सहाला."

"मी येते हाउन्सलोला. बाबांना म्हणावं, आजची दुसरी शिफ्ट घेऊ नका. तिघं बसून बोलू."