घड्याळ शुभदाकडे

शुभदाला घड्याळावर बसवलं ते तिचं तोंड बंद राहावं म्हणून. तसं कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण युट्रेख्टच्या त्या हॉलमधल्या शेंबड्या पोरालाही ते कळलं असतं. सीझनभर ही बाई तिसऱ्या रांगेत बसून काय काय बोलली नव्हती? "अरे पास दे, पास! बॉलचं काय लोणचं घालणारेस?" "पाय हलव रे, मुळं फुटली का?" सगळं मराठीत, म्हणजे कुणाला कळणार नाही अशी तिची समजूत. ज्याला कळायला नको त्याला मात्र नेमकं कळायचं. तो म्हणजे तिचा निहार, विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातला सात नंबर.

एकटी शुभदाच होती असंही नाही. नवरा सुदर्शन होता, आणि बेस्ट नावाच्या गावाहून दर शनिवारी ट्रेननं येणारे त्याचा मित्र गुरुनाथ आणि मित्राची बायको पूर्णिमा होते. गुरुनाथ इंजिनिअर. कुठल्याही गोष्टीचा कीस पाडल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही. तो तिवईवर कॅमेरा लावून अख्खी मॅच टिपायचा, आणि रविवारी दुपारी शुभदाच्या घरी मोठ्या टीव्हीवर तिची चिरफाड व्हायची. कोण कुठे उभा होता, कुणी कुणाला मोकळं सोडलं, चौथ्या क्वार्टरमध्ये घोडं कुठं पेंड खातं. चौघांतल्या एकानंही उभ्या जन्मात बास्केटबॉल हातात धरला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

शुभदा मात्र म्हणायची, मी खेळाडू आहे. साताऱ्याला शाळेत असताना ती खो-खो खेळली होती. त्यातली एक गोष्ट तिनं निहारला भाताच्या घासाबरोबर भरवली होती. तालुक्याच्या फायनलला तिच्या पाठीला मागून बोटं लागली, पंचांना दिसलं नाही, आणि ही आपली आपण जाऊन बाहेर उभी राहिली. संघ हरला. "पण मान खाली घालून चालावं लागलं नाही," हे शेवटचं वाक्य निहारला पाठ होतं. ती वाक्याच्या मध्यावर आली की तो पुढचं डचमध्ये म्हणून दाखवायचा, तिला चिडवायला.

जानेवारीपासून संघ हरत सुटला. सुदर्शन म्हणायचा, पोरं दमतात. पूर्णिमा म्हणायची, परीक्षा आहेत हो त्यांच्या. गुरुनाथचं म्हणणं, शेवटच्या पाच मिनिटांत हे बॉल सात नंबरकडे देतात आणि सात नंबर अडकतो. सात नंबर का अडकतो, यावर शुभदाकडे रोज नवं उत्तर असायचं. आणि आता शेवटची मॅच उरली होती, हार्लेमच्या संघाशी. जिंकेल तो या गटात राहणार, हरेल तो खालच्या गटात जाणार.

मॅचच्या दोन दिवस आधी निहार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, शनिवारी येऊ नकोस. प्लीज."

शुभदाच्या हातातला झारा तसाच राहिला. "का रे बाबा? मी काय केलं?"

"गुरुनाथकाका म्हणतात ना, मी का अडकतो? तुझा आवाज आला की मी बॉलकडे नाही बघत. तुझ्याकडे बघतो. लहान होतो तेव्हापासून."

तो हे चिडून बोलला असता तर तिनं त्याला चार शब्द सुनावले असते. पण तो अगदी सावकाश, मराठी शब्द शोधत शोधत बोलला, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. येणार नाही म्हणावं, तर शेवटची मॅच. येते म्हणावं, तर पोराच्या पायात आपणच साखळी.

वाट काढली ती कोच मरायकेनं. घरच्या मैदानावर मॅच असली की टेबलावर क्लबचेच स्वयंसेवक बसतात, एकानं गुण लिहायचे, एकानं घड्याळ सांभाळायचं. शुभदानं शरद ऋतूतच हौसेनं त्याचा ऑनलाइन कोर्स केला होता. आणि नियम असा की टेबलावर बसणाऱ्यानं हूं की चूं करायचं नाही, टाळीसुद्धा वाजवायची नाही. "म्हणजे तू येशीलही आणि गप्पही बसशील," मरायके हसत म्हणाली. डच बायका सरळ बोलतात. शुभदानं हो म्हटलं.

शनिवारी ती तोंडाला कुलूप लावून बसली. काय हाल झाले असतील तिचे! ओठ दातांखाली, उजवा हात बटणावर. शिट्टी वाजली की थांबव, बॉल आत येऊन खेळाडूच्या हाताला लागला की सुरू कर. बस, एवढंच. पण खरं सांगायचं तर निहार इतका सुरेख तिनं कधी पाहिला नव्हता. मान वर, खांदे मोकळे, एकदाही त्यानं टेबलाकडे पाहिलं नाही. आपण गप्प बसलो तर हा असा खेळतो होय! तिला आनंद झाला आणि त्याच वेळी रडूही आलं.

शेवटी हार्लेम एका गुणानं पुढे होतं, घड्याळात तीन सेकंद उरले होते आणि बॉल आपला होता. मरायकेनं टाइमआउट घेऊन पोरांना काहीतरी सांगितलं. निहार बाहेरून येणाऱ्या बॉलसाठी धावत कोपऱ्यात गेला. समोर हार्लेमचा नऊ नंबर, एक उंच, लाल केसांचा पोरगा. बॉल सुटला. निहारच्या हातात आला.

आणि शुभदा बघत राहिली. घड्याळवाली म्हणून नाही, आई म्हणून. "जा रे राजा," असं ती मनात म्हणाली. बॉल एकदा जमिनीवर आपटला, तो आवाज तिच्या कानात शिरला, तेव्हा कुठे तिला आठवलं की बटण आपल्या हाताखाली आहे. तिनं ते दाबलं. निहारनं हूल दिली, नऊ नंबर हवेत उडाला, निहार बाजूला सरकला, बॉल सोडला. भोंगा वाजला तेव्हा बॉल हातातून सुटून हवेत होता, म्हणजे आत पडला तर धरला जाणार. जाळीत पडला.

हॉल नुसता पेटला. हार्लेमचा कोच मात्र टेबलाकडे बोट दाखवत ओरडत होता. रेफरी धावत आला. घामाघूम, तरुण पोरगा. त्यानं तिच्यासमोर वाकून विचारलं, "मेव्हराउ," म्हणजे बाई, "वेळ बरोबर होती?"

त्याच्या खांद्यावरून तिला निहार दिसला. दहा जणांनी त्याला उचलून धरलं होतं.

शुभदानं मान हलवली. हनुवटी एकदा खाली, एकदा वर. संपलं. रेफरीनं हात वर करून दोन गुण दिले.

त्यानंतर कँटीनमध्ये गाणी झाली, बिटरबालनचे गरम तळलेले गोळे झाले, निहारनं तिला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि म्हणाला, "बघ, गप्प बसलीस तर!" ती हसली. हसताना तिला पलीकडच्या बाकावर तो लाल केसांचा पोरगा दिसला. बुटांच्या नाड्या सोडायच्या म्हणून खाली वाकला होता, तो वाकूनच राहिला होता. त्याची आई शेजारी त्याची बॅग धरून उभी होती. शुभदानं तोंड फिरवलं.

रविवारी दुपारी सगळे ठरल्याप्रमाणे जमले. निहारही आला, एरवी तो या चिरफाडीला फिरकायचा नाही. पूर्णिमानं डबाभर खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या. गुरुनाथनं कॅमेरा टीव्हीला जोडला आणि हात चोळले. "आज बघायला मजा येणार! पहिल्यापासून लावतो. एक सेकंद सोडायचा नाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय खोटं नाही. टीव्हीवर बास्केटच्या वरचं घड्याळ ठळक दिसत होतं, लाल आकडे, दशांशासकट. शुभदानं पहिल्या क्वार्टरला चहा केला. दुसऱ्याला परत केला. तिसऱ्याला म्हणाली, "भावोजी, बास की आता, जेवून घेऊ. शेवट काय, पाहिलाच आहे सगळ्यांनी."

"अहो वहिनी, शेवटासाठीच तर आलोय बेस्टहून!"

"आज तुझी कॉमेंट्री का बंद?" सुदर्शननं विचारलं. "कालचं कुलूप अजून उघडलं नाही वाटतं." सगळे हसले. शुभदा सोफ्याच्या कडेवर टेकली.

आणि ते तीन सेकंद आले. बॉल निहारच्या हातात. हूल. उडालेला नऊ नंबर. बास्केट. पूर्णिमानं टाळ्या पिटल्या. गुरुनाथनं चित्र मागे नेलं. पुन्हा लावलं. मग पुन्हा मागे नेलं, या वेळी अगदी हळू. बॉल निहारच्या हाताला लागला. घड्याळात तीन. बॉल खाली गेला, जमिनीला लागला, वर आला. घड्याळात तीनच.

गुरुनाथचं बोट रिमोटवर थांबलं. त्यानं शुभदाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पाहून त्याला कळायचं ते कळलं. माणूस भला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यालाही समजत होतं. पण जन्माची खोड कुठे जाते? अर्धवट हसत, विषय मिटवायचा म्हणून, त्यानं निहारलाच विचारलं, "काय रे, कॅमेराच अडखळला वाटतं माझा. तू तर तिथंच होतास. घड्याळ बरोबर होतं ना?"

निहार टीव्हीकडे बघत होता. तिथे बॉल वर आलेला होता आणि तीनचा आकडा तसाच होता. मग त्यानं आईकडे पाहिलं. क्षणभरच.

त्यानं मान हलवली. हनुवटी एकदा खाली, एकदा वर.

"हो. बरोबर होतं."

"मग झालं तर!" सुदर्शन म्हणाला आणि वडीसाठी हात पुढे केला.

शुभदाला वाटलं, कुणी तरी आपल्याला आरशासमोर बसवून थोबाडीत दिली. तीच मान, तसंच हलणं, तोच निर्ढावलेला चेहरा. एवढी वर्षं बोलून बोलून, खो-खोच्या गोष्टी सांगून, ओरडून, पोरानं कधी काही ऐकलं नाही, आणि हे मात्र न सांगता एका दिवसात उचललं. कालपासून आपलं पाप ती गिळून बसली होती, एक वेळ जन्मभर गिळलंही असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर ते बघवेना.

"बरोबर नव्हतं," ती म्हणाली.

"आई, नको."

"बटण मी उशिरा दाबलं. बॉल आपटल्यावर. तुझ्याकडे बघत बसले म्हणून." तिनं टीव्हीवरच्या तीनकडे बोट दाखवलं. "उशीर झाला ती चूक. होते माणसाकडून. पण रेफरीनं विचारल्यावर मान हलवली ना, ती चूक नाही. ते मी केलं."

गुरुनाथनं उगाच रिमोट उलटा करून पाहिला. शेवटी सुदर्शन म्हणाला, "अगं, पण निकाल लागलाय. आता सांगून काय बदलणार? कदाचित काहीच नाही."

"आणि कदाचित सगळं," निहार म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "खाली जाऊ आम्ही. माहितीये ना तुला? सगळी टीम मला हेट करेल."

"तुला कशाला? मला करतील."

"नाही, आई. मला."

त्याचं खरं होतं. शुभदाच्या जिभेवर दहा उत्तरं आली. साताऱ्याचं मैदान आलं, तालुक्याची फायनल आली. तिनं ती सगळी तिथेच दाबून टाकली. त्या वेळी बाहेर जाऊन उभी राहिली ती स्वतःच्या जोरावर. आज भरायचं होतं ते पोराला, आणि त्याला न विचारता भरायला लावणं हे परत तिसऱ्या रांगेतून ओरडण्यासारखंच झालं असतं.

"मग तू सांग," ती म्हणाली. "मरायकेला फोन करायचा की नाही. तू म्हणशील ते. फक्त मान हलवू नकोस, निहार. तोंडानं सांग."

आणि ती गप्प बसली. काल टेबलावर बसली होती त्याहून जड वाटत होतं हे. निहारनं दोन्ही हातांनी चेहरा चोळला. उठला, खिडकीपाशी गेला. खाली कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. टीव्हीवर त्याचंच चित्र थांबलेलं होतं, बॉल हातात, आणि समोर तो नऊ नंबर, अजून न उडालेला.

"तो पोरगा," निहार खिडकीपाशी उभा राहूनच म्हणाला, "कँटीनमध्ये मला येऊन म्हणाला, छान टाकलास. हात मिळवला. मला तेव्हाच माहीत होतं, आई. एवढं सगळं तीन सेकंदांत होत नाही. हाताला कळतं."

"मग?"

त्यानं परत येऊन खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि मोबाइल स्पीकरवर करून टीपॉयवर वड्यांच्या डब्याशेजारी ठेवला. घंटी जायला लागली.

"तू बोल," तो म्हणाला. "मी आहे इथे."

"निहार!" मरायकेचा बसलेला, आनंदी आवाज आला. "काय, झालं का तुमचं विश्लेषण? काय निघालं?"

शुभदा मोबाइलकडे वाकली. डच शब्द सापडेनात. तिनं मान वर केली. निहार टीव्हीकडे बघत नव्हता, मोबाइलकडेही नाही. तो तिच्याकडे बघत होता.