चिंध्यांत गुंडाळलेला पॅड

खिडकीला पडदा किती रुंद लागेल ते मोजायचं होतं, म्हणून तिने नवऱ्याची हत्यारांची बॅग ओढून घेतली आणि टेपसाठी थेट तळापर्यंत हात घातला. पाने, पक्कड, टेस्टर, ग्रीसची डबी. टेप लागली नाही. हाताला लागलं ते काहीतरी गुटगुटीत, तेलकट हात पुसायच्या चिंध्यांत घट्ट गुंडाळलेलं. तिने चिंध्या सोडल्या. आत गेमपॅड होता. काळा, फार जुना नाही, पण अंगठ्याखालचे दोन्ही दांडे वापरून वापरून गुळगुळीत झालेले.

बाथरूममध्ये अजून पाणी वाहत होतं. तिने पॅड होता तसा गुंडाळला, वर पक्कड ठेवली, बॅग भिंतीला लावली आणि खिडकी वितींनी मोजली.

पॅड लपवण्यासारखी वस्तू नव्हे. लपवली म्हणजे काहीतरी आहे. शिवाय तिचा नवरा आणि पॅड ही दोन नावं एका वाक्यात बसतच नव्हती. लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि कॉम्प्युटरवर खेळायचं तर माऊस आणि कीबोर्डवर, हा त्याचा हेका तेव्हापासूनचा. पॅडवर ती खेळायची. सोफ्यावर पाय पसरून, चुकत, हसत. तो टेबलाशी ताठ बसून म्हणायचा, "पॅडवर नेम धरणं म्हणजे हातमोजे घालून सुई ओवणं." ती म्हणायची, "तुला सुई तरी कुठे ओवता येते?" त्यावर तो तिला पुढच्या डावात हमखास हरवायचा.

त्याचा आवडता खेळ एका बंद पडलेल्या कारखान्यातला होता. एकमेकांना शोधायचं, दिसला की टिपायचं. हेडफोन लावून तो पावलांवरून ओळखायचा. "जिन्यावर आहे. लंगडतोय. आता उजवीकडे वळेल." आणि तो माणूस खरोखर उजवीकडे वळायचा. कामही तसलंच. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत उभं राहून, नुसतं ऐकून, कुठलं बेअरिंग घासतंय ते सांगायचा. त्याचा जोडीदार, ज्याला सगळे 'पाना' म्हणत, तो कौतुकाने म्हणे, "वहिनी, याला कान नाहीत, स्टेथोस्कोप आहेत."

गेले दोन महिने मात्र त्याने कारखान्याचा खेळ सोडला होता. "कंटाळा आला," एवढंच.

रविवारी दुपारी तिने मुद्दाम विषय काढला.

"चल, तो कारखान्याचा खेळूया. बरेच दिवस झाले."

"तू खेळ. मी बघतो."

"तुझ्याशिवाय काय मजा?"

तो उठला, टेबलाशी बसला, हेडफोन चढवले. पाच मिनिटांत तो मेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेला. दोन्ही वेळा मारणारा मागून आला होता. दुसऱ्या वेळी तर पावलांचा आवाज हेडफोनमधून झिरपून तिच्यापर्यंत सोफ्यावर आला आणि हा तसाच समोर बघत बसलेला.

"लक्ष कुठे आहे तुझं?" ती म्हणाली.

हेडफोन काढून त्याने खिळ्याला अडकवले आणि बिल भरायचं राहिलंय म्हणत खाली गेला. रविवारी कुठलं बिल भरतात, हे तिने विचारलं नाही.

ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. लोक डोळ्यांबाबतही खोटं बोलतात, हे तिला रोज दिसे. नंबर वाढला म्हणून गाडीचं लायसन्स जाईल या भीतीने तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून आलेले ड्रायव्हर ती वाचायच्या वेगावरून ओळखायची. खरं वाचणारा अडखळतो. पाठ केलेला अडखळत नाही. नवऱ्याचं "कंटाळा आला" तसंच होतं, न अडखळता आलेलं.

तो खाली गेल्यावर तिने कॉम्प्युटरवरची खेळांची यादी उघडली. कारखान्याच्या वर एक नवा खेळ दिसला, ट्रकचा. डोंगरातल्या चिखलवाटांवरून लाकडं वाहून न्यायची. एकूण खेळलेले तास, नव्वद. शेवटचा खेळ, शुक्रवारी सकाळी अकरा चाळीसला.

शुक्रवारी सकाळी अकरा चाळीसला ती दुकानात एका बाईला 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' असं विचारत होती आणि तिचा नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इस्पितळाच्या लिफ्टवर होता. निदान तसं सांगून गेला होता.

पाणी कुठेतरी मुरत होतं. एकदा हे मनाशी म्हटल्यावर सगळीकडे ओल दिसायला लागली. तो हल्ली फोन उचलत नसे. "मेसेज कर," म्हणायचा, "मशीनच्या आवाजात कळत नाही." जेवताना ती बोलत असली की तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, आणि तिला वाटायचं, अपराधी माणूस असंच बघतो. टीव्हीचा आवाज कमी कर म्हटलं की निमूट बंदच करायचा. भांडायचा नाही. चौदा वर्षं टीव्हीवरून भांडलेला माणूस भांडायचा थांबतो, तेव्हा त्याचं भांडण दुसरीकडे कुठेतरी लागलेलं असतं, असं तिची मोठी बहीण म्हणायची.

मंगळवारी सकाळी ती निघताना तळमजल्यावरच्या काकूंनी तिला अडवलं.

"तुझ्या नवऱ्याला रात्रपाळी लागली की काय गं?"

"नाही. का हो?"

"तू गेलीस की अर्ध्या तासात स्कूटर परत येते. म्हटलं, बायको गेल्यावर घर आवडायला लागलं वाटतं!" काकू स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसल्या.

तीही हसली. दुकानात पोचेपर्यंत ते हसू तिच्या गालावर तसंच आखडून राहिलं.

अकराच्या सुमाराला तिने पानाला फोन लावला.

"भाऊजी, हे आहेत का जवळ? फोन उचलत नाहीत."

पलीकडे एक पान्याचा ठोका पडला.

"आहेत ना वहिनी. वर आहेत, मशीनच्या खोलीत. निरोप देऊ?"

"कुठल्या इमारतीत आहात?"

"ते... तीच आपली. नेहमीची." पानाला खोटं बोलायची सवय नव्हती. बिचारा सोळा मजले चढून आल्यासारखा धापा टाकत होता. "काही काम होतं का?"

"नाही. असू दे."

तिने मालकांना डोकं दुखतंय असं सांगितलं. ते खोटं नव्हतं.

स्कूटर खाली उभी होती. तिने सीटवर हात ठेवून पाहिला, थंड होती. जिना चढताना तिने चपला काढून हातात घेतल्या आणि मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा घातल्या. चोर ती नव्हती. दारापाशी कान दिला. आतून बोलण्याचा आवाज नाही, हसण्याचा नाही, खेळाचासुद्धा नाही. ही शांतताच तिला सगळ्यात वाईट वाटली. तिने किल्ली फिरवली.

तो हॉलमध्ये टेबलाशी बसला होता, दाराकडे पाठ करून. एकटा. पडदा नसलेल्या खिडकीतून ऊन सरळ आत येऊन तिच्या तोंडावर पडलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक ट्रक डोंगरवाटेने चालला होता. स्पीकरचा दिवा विझलेला होता. हेडफोन खिळ्यावरच लटकत होते. त्याच्या दोन्ही हातांत पॅड होता आणि मान किंचित कलली होती, झोप लागलेल्या माणसाची कलते तशी.

एकटा असेल, असं तिने धरलंच नव्हतं. जिना चढताना जुळवलेली वाक्यं मात्र तोंडात तयार होती, आणि ती थांबली नाहीत.

"कोण येऊन गेली?"

तो हलला नाही.

"मी विचारतेय, कोण येतं इथे माझ्यामागे? दिवसभर मी लोकांचे डोळे तपासते आणि तू माझ्याच डोळ्यांत धूळ फेकतोस? पानालाही खोटं बोलायला शिकवलंस. नाव सांग तिचं. सांग, म्हणजे मी माझी निघून जाते."

ती बोलत असतानाच ट्रक बोगद्यात शिरला होता आणि पडदा काळा झाला होता. तो तसाच बसलेला. उत्तर न देणं वेगळं असतं. उत्तर न देणाऱ्याचे खांदे ताठतात, मानेची शीर उडते, चौदा वर्षांत तिला ते पाठ झालं होतं. इथे बोलायला सुरुवात केल्यापासून त्याच्या खांद्यांना कशाचीच खबर नव्हती.

तिने हातातल्या किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. मोठा आवाज झाला. पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

तो बसलेलाच होता.

ती हळूहळू, भिंतीला हात लावत, टेबलाला वळसा घालून त्याच्या समोर गेली. तिला वाटलं होतं, तो दचकेल. तो दचकला नाही. त्याने नजर वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पॅड मांडीवर ठेवला.

"कधीपासून?" तिने विचारलं. आवाज निघालाच नाही, नुसते ओठ हलले. त्याला तेवढंच पुरलं.

"वर्ष होईल." तो जरा जास्तच मोठ्याने बोलत होता. हेही तिच्या आत्ता लक्षात आलं. "उजवा कान आधी. डावा दोन महिन्यांपूर्वी. समोर बसून कोणी बोललं तर कळतं. पाठीमागून काही नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतीस? तक्ता लावणार होतीस?" तो हसायचा प्रयत्न करत होता. मग सोडून दिला. "इस्पितळातली लिफ्ट मी ठीक म्हणून पास केली. सहीसुद्धा केली. पाना मागून आला आणि म्हणाला, अरे, एवढं घासतंय, आणि तू ठीक म्हणतोस? दोराजवळचं बेअरिंग अर्धं खाल्लेलं होतं. मला एक कण ऐकू आला नव्हता. त्या लिफ्टमधून खाटा नेतात, माणसासकट."

तिने त्याच्या शेजारी खुर्ची ओढली, मग विचार बदलून समोर ओढली.

"तेव्हापासून सुट्टीवर आहे. एकाही लिफ्टवर सही केलेली नाही. पानाला शपथ घातली होती, त्याच्यावर चिडू नकोस."

"आणि हे?" तिने पॅडकडे बोट केलं.

त्याने पॅड तिच्या हातात ठेवला, तिची बोटं दोन्ही मुठींभोवती नीट बसवली आणि स्वतःचा अंगठा तिच्या अंगठ्यावर ठेवून ट्रक पुढे काढला.

"डोळे मिट. सांग काय आहे."

आधी तिला नुसती एक भुणभुण जाणवली. मग ती भुणभुण फुटली, खडबडीत झाली.

"खडी?"

तिच्या पापण्या मिटलेल्या असताना तो तिचे ओठ वाचत असणार, कारण त्याने तिचा अंगठा शाबासकीसारखा दाबला. थरथर जड, संथ झाली. चिखल. मग डाव्या तळव्यात ठक, उजव्यात ठक, ठराविक अंतराने.

"लाकडी पूल," ती म्हणाली. "आणि डावीकडची फळी सैल आहे."

"सैल फळी मला तिसऱ्या आठवड्यात कळली," तो म्हणाला. "माऊस मुका आहे गं. कीबोर्ड मुका. सगळं कानांवर सोडून मोकळे. हा निदान हाताशी बोलतो. रोज सकाळी तीन तास आवाज बंद करून, डोळे मिटून हाताला शिकवतोय. काल पानाबरोबर गेलो होतो. मशीनच्या अंगावर तळवा ठेवला."

तिने डोळे उघडले. "मग?"

"पाच बेअरिंगांतली चार ओळखली."

"आणि पाचवं?"

तो आपल्या तळव्याकडे बघत राहिला. "म्हणूनच एकट्याने करायचं नाही. सोमवारी साहेबांना सांगणार आहे. सही पानाची, हात माझा. नाहीतर स्टोअरला बसवा म्हणावं. आधी तुला सांगणार होतो. रोज ठरवायचो."

"चिंध्यांत गुंडाळून?"

"इतकी वर्षं तुझ्या पॅडला नावं ठेवली. कुठल्या तोंडाने बाहेर काढू?"

ती हसली, आणि हसता हसता तिला नाक पुसावं लागलं. मग तिने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, स्पष्ट ओठ हलवत सांगितलं की दुकानात परत जायला हवं, संध्याकाळी लवकर येते, आणि कानाच्या डॉक्टरांकडे ती बरोबर येणार आहे, यावर वाद नको. फरशीवरच्या किल्ल्या उचलताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. जिन्यात आल्यावर तिला प्रथमच नीट श्वास घेता आला. जे बोलू नये ते ती बोलून बसली होती, आणि ते कोणालाच ऐकू गेलं नव्हतं. कुत्र्याशिवाय.

दुपारी दुकानात एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बसले होते. तिने त्यांच्या डोळ्यांसमोर भिंग सरकवलं आणि तेवढ्यात फोन थरथरला. नवऱ्याचा मेसेज होता.

'तू दारातून बोललीस ते ऐकू नाही आलं. पण गाडी बोगद्यात होती तेव्हा मी डोळे उघडले होते. काळ्या काचेत तुझं तोंड दिसत होतं, बराच वेळ हलत होतं. वळायचा धीर झाला नाही. शेवटचं तेवढं कळलं, निघून जाते असं काहीतरी. आधी काय म्हणालीस?'

तिने लिहिलं, 'काही नाही, चहा ठेवू का विचारत होते.' ते वाचलं. एकदाही न अडखळता लिहिलं गेलं होतं. तिने ते सगळं पुसलं.

"बाई, हे स्पष्ट की ते स्पष्ट, विचारताय ना?" गृहस्थ म्हणाले.

"एक मिनिट हं, काका."

मग तिने लिहिलं, 'खूप वाईट बोलले. घरी आल्यावर सांगते. सगळं.'

उत्तर यायला वेळ लागला. तोवर तिने काकांचा उजवा डोळा तपासून संपवला होता.

'सांग. फक्त दिवा लावून बस. अंधारात मला ऐकू येत नाही.'