टोब्याची अंघोळ

केसच होता. पांढरा, आखूड, टोकाशी ताठ. ओल्या लाल आलवणावर असा चिकटून बसला होता की नखानं उचलायला गेलं तर एकाच्या जागी तीन निघाले, आणि तिसऱ्याच्या मुळाशी कोंड्याची एवढीशी पापडी. काल इतके नव्हते… नव्हतेच. का होते, आणि काल अंधार जास्त होता म्हणून दिसले नाहीत? रेणुकाबाईनं केस बोटावर घेऊन उगवतीकडे धरला. घरात आणि उटनूरच्या अख्ख्या आळीत तिला अक्का म्हणत—कडक सोवळ्याची अक्का, जिच्या हातचं पुरण सोळा आणे शुद्ध. आणि ही शुद्ध अक्का भल्या पहाटे, घर झोपेत असताना, आडावर कुत्र्याला न्हाऊ घालत बसली होती.

टोब्या दगडावर फेसात उभा होता. पोटाखाली कातडी लाल, मांड्यांच्या आतून तर भाजल्यासारखी, आणि कमरेपाशी तळहाताएवढी जागा उघडी पडलेली… राखाडी, खरखरीत. कानाला वास येत होता. परवापासून पंजे चाटून चाटून त्यानं बोटांमधले केस तांबडे करून टाकले होते. "उभा राह्य ना, बाबू. झालंच आता," असं म्हणत तिनं आणखी एक तांब्या ओतला. आज रिठा जास्तच घेतला होता. खाज घाणीनं होते, घाण गेली की खाज जाईल, हे तर शेंबडं पोरही सांगेल. करंजीचं तेल झालं, गंधक झालं, कडुलिंबाचा पाला झाला. तेल लावलं की दुसऱ्या दिवशी ते ओशट अंग धुवावंच लागे, धुतलं की खाज दुप्पट, खाज दुप्पट म्हणून पुन्हा तेल… देवा, हे कुठं जाऊन थांबणार?

कुत्रं साहेबाचं. जंगलात महकम्याचा, म्हणजे जंगलखात्याचा, गोरा साहेब लढाई लागली म्हणून विलायतेला गेला आणि जाताना आपल्या कचेरीतल्या पेशकाराच्या, म्हणजे अक्काच्या धाकट्या भावाच्या, गोपाळरावांच्या हाती साखळी देऊन गेला. नाही म्हणायची काय प्राज्ञा होती त्यांची? ब्राह्मणाच्या घरात कुत्रं! भावजय विनोदिनीनं तोंड फुगवलं, त्यांची छोटी पद्मजा टाळ्या पिटत नाचली, आणि अक्कानं—सगळ्यात जास्त आकांत अक्कानंच केला होता. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला ते शिवलं तर मी काशीला जाईन, असं ती बोलली होती. मांजराहून थोडं मोठं ते कुत्रं, एक कान तांबडा, शेपटीचा नुसता खुंट, चालता चालता मध्येच मागचा एक पाय उचलून तीन पायांवर उडी मारायचं. ती दारातून बघायची. पाय दुखतो का याचा? कुणी बघतंय की नाही याच्याकडे?

मग कधीतरी ते घुशीच्या मागं लागून मोरीच्या चिखलात पडलं आणि आडावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिनं धुतलं, काय करणार. धुऊन सोडलं आणि स्वतःची अंघोळ करून, ओलेत्यानं आत जाऊन चूल पेटवली, तर हे मागोमाग. थंडीनं कुडकुडत आलं आणि आपली एवढीशी पाठ तिच्या मांडीला लावून बसलं. ओरडायला हवं होतं. ओरड घशापर्यंत आलीही होती… पण मांडीपाशी ते ऊन ऊन काहीतरी श्वास घेत होतं, आणि तिला आठवेना की असं कोण शेवटचं बसलं होतं. नवरा गेला तेव्हा ती परकरातून नुकती लुगड्यात आलेली. त्यानंतर इतकी वर्षं तिला हात लागायचा तो न्हाव्याचा, तेवढाच. पद्मजा रांगत होती तेव्हा यायची झेपावत, पण "आत्या सोवळ्यात आहे, शिवू नको" ऐकता ऐकता तीही शहाणी झाली. आता सोवळं सुटलेलं असलं तरी पोर हात राखूनच उभी राहते.

म्हणून अक्कानं आपल्यापुरता नियम केला. अंघोळ झालेली आहे ना? आडाच्या पाण्यानं, आपल्याच हातानं? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक तो काय, मीही ओलीच, तोही ओला. हा नियम कुठल्या पोथीत नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण विचारणार कोण? सोवळ्यातल्या बाईच्या स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकत नाही. सोवळं म्हणजे आतून लावलेली कडीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज पहाटे टोब्याची अंघोळ, मग तिची, मग चूल, आणि चुलीपाशी मांडीला लागून तो. घरात हालचाल सुरू झाली की मागच्या दारानं त्याला बाहेर काढायचं. त्या दिवसांत ती गुणगुणायची सुद्धा, मेली लाजच सोडली होती.

आणि मग ही खाज.

दहाच्या सुमाराला सलोत्री आला. नार्नूरकडं गुरांना रोग लागला होता म्हणून आसिफाबादेहून निघालेला सरकारी जनावरांचा डॉक्टर, वाटेत चहाला थांबलेला. गोपाळरावांनी सहज म्हणून कुत्रं दाखवलं. अक्का मधल्या दाराआड उभी राहिली. परक्या पुरुषासमोर ती जात नसे. फटीतून तिला सलोत्र्याचे बूट दिसत होते आणि त्यांच्यामध्ये टोब्याचे चार पाय.

"रोज नहलाते क्या इसको? साबुन-वाबुन?" सलोत्र्यानं विचारलं.

"छे छे! रोज किधर, साब," गोपाळराव हसले. "महिने में एकाध बार नौकर नहला देता होएंगा."

"नहीं, ये छोटी विलायती जात है ना… पानी जादा लगा तो चमडी सूख जाती, खुजली होती, बाल झडते. नहलाना बंद करो तो आपसे आप अच्छा हो जाता. पर आप तो नहलातेच नहीं." बूट मागं सरकले. "तो फिर ये लगनेवाली खारिश है. घर में बच्चे हैं?"

"एक बच्ची है."

"तो रखो मत."

रोज नहलाते क्या. अक्काला हाताखालची दाराची फळी जाणवली, तिचे खिळे जाणवले. नहलाना बंद करो तो… म्हणजे मीच. मी! दर पहाटे, माझ्या या हातांनी, चोळून चोळून—करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पाणी मी ओतलं, रिठा मी लावला, आणि खाज वाढली तसा आणखी चोळला. ती फळीवरचे आपले हात बघत राहिली; तेही फुटलेले होते, बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, आणि हे तिला आजच दिसत होतं. बोल, बोल ना! दार लोटून एवढंच म्हणायचं, रोज घालते मी. पण बाहेर चहाची बशी वाजली, आदाबअर्ज झाले, आणि बैलगाडी हललीसुद्धा.

गोपाळराव आत आले ते विनोदिनीशी बोलतच आले. "धोंडीबाले सांगावा धाडला मी. दिवेलागणीला बंदूक घेऊन येईल अन् तिकडं जंगलात नेईल. पद्मीले दिसू नको देऊ." धोंडीबा त्यांच्या महकम्याचा चपराशी. विनोदिनी म्हणाली, "गरीब बिचारं. पण पोरीची जात, अंगाला काही लागलं तर जन्माचं निस्तरणं आहे." आणि दोघं पद्मजाला घेऊन पानावर बसली, कारण अक्कानं पानं वाढली होती.

वाढता वाढता ती स्वतःला सांगत होती. अजून वेळ आहे. जेवण होऊ दे. आता सांगितलं तर घास खाली ठेवतील… ठेवतीलच, कारण पुढचा प्रश्न कुठं जाईल ते तिला दिसत होतं. रोज? कायले रोज? आणि मग कुत्रं जातं कुठं न्हाल्यावर? या घरात तिला काय होतं? खोली नव्हती, पोर नव्हतं, डोक्यावर केस नव्हते. सोवळं होतं. आळीत श्राद्ध असो, मुंज असो, नैवेद्याला अक्काच. भाऊ अगं-तुगं करील पण तिच्या चुलीला पाय लावणार नाही. तेवढी चार हात जमीन तिची. ती गेली तर ना घर की ना घाट की, अशी गत.

समोर पद्मजा जेवता जेवता कोपर खाजवत होती.

अक्काच्या हातातली वाटी कलंडली. "काय झालं गं तिथं?" "डास," पोर म्हणाली. डास? का ती खारिश, खरूज? आणि एक भयंकर विचार तिच्या मनात शिरला, अगदी मऊ पावलांनी: लागणारंच असेल कदाचित. सलोत्री शिकलेला माणूस. मग मी गप्प बसले तर पोरीचं भलंच करते की! काही न बोलता सगळं नीट होतं. चूल राहते, मूठ झाकलेली राहते… आणि संध्याकाळी लांबून एक आवाज येईल. त्या आवाजानंतर मी देवापुढं दिवा लावीन, नाही का? लावीन. हात धुऊन लावीन. या विचारानं तिला एवढी किळस आली की तिनं आपलं पान वाढूनच घेतलं नाही.

दुपार सरेना. टोब्याला मागच्या अंगणात पेरूला बांधलं होतं. तो खाजवायचा तेव्हा साखळी वाजायची आणि अक्का जिथं असेल तिथं थांबायची. जात्यापाशी, माळ ओढताना. साखळी थांबली की आणखी भीती. पदराखालच्या तिच्या टाळूलाही खाज सुटली होती. खरंच सुटली होती, की मनाचे खेळ? ऊन कुडावर चढलं. बाजारातून परतणाऱ्या गाड्यांच्या घंटा वाजायला लागल्या, म्हणजे धोंडीबा आता जेवून विडी पेटवत असेल.

ती सोप्यात आली. सोवळ्याच्या वेळेला, संध्याकाळचा भात टाकायच्या ऐन वेळी, बाहेर आली.

"काऊन अक्का?" गोपाळरावांनी कागदावरून मान वर केली.

"गोपाळा, टोब्याला रोज अंघोळ होते. मी घालते. रिठा लावून, रोज पहाटे. सलोत्री म्हणाला तीच पाण्यानं झालेली खाज आहे ती. लागणारं नाही काही. मी थांबवते."

"तू?" गोपाळराव हसू लागले आणि अर्ध्यात थांबले. "रोज? कायले?"

विनोदिनी सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान खाली ठेवूनच म्हटलं, "वास येत असेल वन्संना. वास सहन होत नाही त्यांना."

केवढी मोठी वाट होती ती, आयती मोकळी करून दिलेली! हो म्हणायचं, बस. टोब्या वाचला, चूल वाचली, सगळे सुखी. हो, वास येतो मेल्याचा. आणि उद्यापासून तो अंगणात, न धुतलेला, आणि मी आत, धुतलेली. पहाट तशीच येईल. चूल पेटेल. आणि मांडीला काही नसेल… मरेपर्यंत काही नसेल. मग ही चूल घेऊन मी काय करू? माझं काय आहे त्या चुलीत?

"वास नाही," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला ओळखू येईना. "चुलीपाशी बसवते मी त्याला. सोवळ्यात. मांडीला लावून बसवते. धुतलेला असतो म्हणून… म्हणून रोज धुते."

सूप थांबलं. विनोदिनी हळूच म्हणाली, "म्हणजे आमी जेवतो तो सैंपाक… नैवेद्य सुद्धा?"

"सगळाच," अक्का म्हणाली.

गोपाळराव बराच वेळ कागदाची घडी घालत राहिले, उलगडली, पुन्हा घातली. रागावले असते तर बरं झालं असतं. "धोंडीबाले परत पाठवतो मी," ते शेवटी म्हणाले. "आठ-पंधरा दिवस बघू. नाही केस आले तर मंग…" आणि उठता उठता, तिच्याकडे न बघता म्हणाले, "अक्का, आजचा भात विनोदिनी टाकेल."

बस, एवढंच. इतकी वर्षं जपलेली चूल एका भाताच्या वाक्यात गेली. तिला वाटलं होतं काहीतरी मोडेल, आवाज होईल. काही झालं नाही. छातीत भलतीच मोकळी जागा झाली होती, आणि त्या जागेत काय भरायचं ते तिला ठाऊक होतं. ती जवळजवळ पळतच मागच्या दारी गेली. न धुतलेला असो. धुळीनं माखलेला असो. आता कुणाची हरकत, कसला नियम? तिनं पायरीवरूनच दोन्ही हात पुढं केले. "ये रे, बाबू. ये."

टोब्या उठला. तिच्या हातांकडे बघितलं, आणि अंग चोरून पेरूच्या बुंध्यामागं सरकला, साखळी ताणेपर्यंत.

"अरे, मी रे. पाणी नाही… बघ, पाणी नाही." तिनं तळवे उलटे करून दाखवले. तो आणखी आक्रसला. कातडी थरारत होती.

ती पुढं गेली नाही. तिच्या मनात एकदम, स्वच्छ, एक प्रश्न उभा राहिला: रोज पहाटे तो माझ्यापाशी येत होता, की गारठून चुलीपाशी येत होता? आणि चुलीसमोर मीच बसलेली असायची, म्हणून माझी मांडी? उत्तर कुणाला विचारणार. आत विनोदिनी भांडी हलवत होती. कुठली वस्तू कुठं आहे ते तिला सापडत नव्हतं, आणि हाक मारायचा तिला धीर होत नव्हता. अक्का पायरीवर खाली बसली. हात पदरात गुंडाळून घेतले, त्याला दिसू नयेत असे. लांबच बसली, चार हातांवर, जसे सगळे तिच्यापासून बसत आले होते. त्याला खाजलं तेव्हा त्यानं खाजवलं, आणि ती उठली नाही. बघू दे त्याला, किती दिवस बघायचं ते. येईल, असं काही तिला वाटत नव्हतं. तरी ती बसून राहिली, कारण उठून जायला आता घरात तिची अशी जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला दुसरीकडं कुठं जायचंही नव्हतं.