बांधून काढलेला ओढा

माझा धाकटा भाऊ पाणी खात्यात इंजिनिअर आहे. घरामागच्या ओढ्याचा काठ दरवर्षी ढासळायचा, म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. त्याने ओढा वाचवला म्हणजे अगदी वाचवलाच! दोन्ही काठ आणि तळसुद्धा काँक्रीटने बांधून काढला. परवा पाणी सोडून चाचणी झाली, तेव्हा एक थेंबही झिरपला नाही. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

आज स्वारी ऐटीत घरी आली. "ताई, पाणी दे गं."

मी बादली आणि दोर त्याच्या हातात दिला. "विहिरीतून काढ. मिळालं तर मलाही दे."

हसत हसत गेला. बादली खडखडत कोरड्या तळावर आपटली, तेव्हा त्याचं हसू मावळलं. ओढ्याचं पाणी जमिनीत मुरायचं, म्हणून तर आमची विहीर भरायची.

"ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

तेवढ्यात फोन वाजला. वरच्या वस्तीतला ओढाही असाच बांधायचा होता आणि इथलं काम कसं झालंय, हे साहेब विचारत होते. भाऊ विहिरीत बघत उभा राहिला.

"उत्तम झालंय, साहेब," तो म्हणाला. "एक थेंबही झिरपत नाही."