लाल आलेला, काळा गेलेला

‘एक उभा रे राहिला, दहा आडवा निजला,
लाल घरात आलेला, काळा घरातून गेला...’

म्हाताऱ्या कू गुरुजींचा तो घोगरा, लाडिक आवाज. गुरुजी जाऊन जमाना लोटला, पण चटईवर हिशेबाच्या बांबूच्या काड्या मांडायला बसलं की आवाज आपला हजर. आज मात्र फान शौरनला त्या आवाजाचाही राग येत होता.

“आलेला, आलेला! मग हे काय आलंय?” त्याने चटईवर हात आपटला.

पलीकडे त्याची बायको, हुईन्यांग, मोहरीची पानं मिठात चोळत बसली होती.

तळ्याचा बांध उंच करायचा होता. माती तीन गावांनी टाकायची. कुणी किती, ते शौरनने सांगायचं. एवढा गुंतागुंतीचा हिशेब करणारा त्या भागात तोच एक. उद्या सकाळी कचेरीत, अंमलदारासमोर काड्या मांडायच्या, आणि उत्तर निघेल तोच हुकूम. चुकलं तर कुठल्यातरी गावाच्या पाठी उगाच मोडणार.

आज सकाळी कचेरीतला कारकून पेई निरोप घेऊन आला, तेव्हा शौरन पेज पीत होता. पेई हसत म्हणाला, “गुरुजी, काड्या आणा, बायकोची तबकं नका आणू! चहा आम्हीच पाजू.”

तो गेला आणि शौरन पेटलाच. हुईन्यांगने त्याच्या काड्यांसाठी दोन तबकं केली होती. लाल काड्या उजवीकडे, काळ्या डावीकडे. त्याने दोन्ही तबकं कू गुरुजींच्या जुन्या थैलीत पालथी केली.

“अहो, तबकंच न्या ना,” ती घाईघाईने म्हणाली.

“कचेरीत तबकं मिरवू? नवरदेव आहे का मी? माझे गुरुजी जन्मभर थैलीतून काड्या काढत आले.”

तेव्हापासून तो मांडत होता आणि मोडत होता. येणाऱ्याची लाल, जाणाऱ्याची काळी; ओळीतून ओळ वजा करत जायचं. हात तोच, चाल तीच, उत्तर मात्र दर वेळी निराळं. काड्यांचं हेच वाईट. पुढचं मांडताना मागचं मोडावं लागतं. कुठे पाय घसरला ते बघायला मागे वाटच उरत नाही.

चटईला पोक आलंय म्हणून त्याने ती उलटी घातली. वाऱ्याला शिव्या देत खिडकी लावली, आणि अंधारलं म्हणून पुन्हा उघडली. मग शेजारणीच्या बदकांवर ओरडला.

“बदकांना कशाला? ती बिचारी कुठे हिशेब करताहेत!” भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली.

दुपार कलता कलता शेवटचं उत्तर निघालं. शौरन त्याच्याकडे बघतच राहिला, आणि मग विचित्र हसला.

“ऐकलंस? तिघांतल्या वरच्या वाडीने बांधावर माती टाकायची नाही. उलट बांधावरची उचलून घरी न्यायची! उद्या हे वाचून दाखवतो अंमलदाराला.”

हसता हसता त्याने कपाळावर हात मारला. “कालपर्यंत एक उत्तर चुकत नव्हतं गं माझं. अक्कल चालली का माझी? तूच सांग.”

हुईन्यांगने मिठाचे हात पदराला पुसले. त्याच्या मांडणीत वरच्या ओळीत, लाल काड्यांच्या मधोमध, एक काळी काडी निवांत उभी होती. तिला हिशेब येत नव्हता. पण त्याच्या तोंडून ‘लाल तीन’ हे शब्द तिने ऐकले होते, आणि ती काडी ठेवताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

तबकं केली तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तेव्हा तो पोरासारखा खुशीत होता, आणि ती गप्प बसली.

ती त्याच्याजवळ येऊन बसली. “अक्कल जागेवर आहे तुमची,” ती म्हणाली. “डोळे गेलेत. लाल आणि काळं तुम्हाला सारखंच दिसतं. सकाळची पेज तुम्ही माझ्या काळ्या वाडग्यात प्यालात, आणि वर म्हणालात, माझा लाल वाडगा आज छान घासलायस.”