फडताळाखालचं रबर

यास्नाने रबराची शेवटची वडी आत्याच्या फडताळाच्या पायाखाली सरकवली आणि तिला उगाचच हसू फुटलं. विद्यापीठात कित्येक वर्षं घासून केलेलं संशोधन शेवटी चिलीतल्या ताल्काहुआनोच्या बंदरालगत, आत्याच्या दारू-जेवणाच्या दुकानात येऊन बसलं होतं.

"हसतेस काय?" एदेल्मिराआत्या म्हणाली. "एक जरी बाटली पडली, तर दुकान विकलं म्हणून समज. दर भूकंपाला या फडताळाला मिठी मारून उभं राहायचं, हे माझ्या कंबरेला आता झेपत नाही."

धमकी पोकळ नव्हती. आत्याने गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. यास्नाचं सगळं लहानपण इथल्या टेबलांखाली रांगण्यात गेलं होतं. त्यामुळे हसू आवरून तिने वडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली.

"आत्या, या रबरात लोखंडाची भुकटी आहे. भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली की त्याचं चुंबक होतं आणि रबर ताठ होतं. वीज काढली की पुन्हा मऊ. हादरा जसा बदलेल, तसं तेही बदलत राहतं."

"घडीत ताठ, घडीत मऊ! अगदी तुझ्या आतोबांसारखं."

सगळं दुकान हसलं. रविवारची दुपार होती. शिंपल्यांचं कालवण वाफाळत होतं, आणि क्रेन चालवून निवृत्त झालेले डॉन उलिसेस पाव बुडवत बसले होते.

फडताळ एका हलत्या फळीवर उभं केलं होतं. ती फळी हलवायला मोटर होती. वेटोळ्यांची वीज मात्र वेगळ्या बॅटरीवर. प्रयोगशाळेतला जोडीदार नोल्बेर्तो मोटरपाशी उकिडवा बसला. यास्नाने बटण फिरवलं. फळी थरथरली, बाटल्या किणकिणल्या आणि गप्प झाल्या. वरच्या कप्प्यातल्या काठोकाठ भरलेल्या पेल्यातून थेंबही सांडला नाही.

"हे तर पाळणा हलवल्यासारखं झालं!" आत्या ओरडली. "जोर लाव ना, पोरी!"

यास्नाने बटण पार टोकाला नेलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग असा हादरा आला की तिलाच टेबल धरावं लागलं. छतावरचा दिवा झोके घेऊ लागला. कालवणाचा वाडगा घसरत निघाला, तो डॉन उलिसेसनी कोपराने अडवला आणि जेवण चालू ठेवलं.

"आता कसं!" ते म्हणाले. "याला म्हणतात मोटर!"

लोक टाळ्या पिटू लागले. दिवा हलला म्हणून जेवणावरून उठायचं नसतं, हे इथे पोरांनाही ठाऊक. आत्या हात वर करून नाचत होती. फडताळ संथपणे डुलत होतं, जणू त्याला कुणी गाणं ऐकवत होतं.

"यास्ना," नोल्बेर्तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मोटर जळल्याचा वास आला म्हणून मी मघाशीच प्लग काढला."

"मग?"

त्याने हातातला प्लग वर धरला. शेजारच्या दुकानात काचांचा मोठा खळखळाट झाला. रस्त्यावरची कुत्री एका सुरात केकाटली.

"देवा रे!" आत्या किंचाळली. "हा तर खरा भूकंप आहे!"

ती सवयीने फडताळाकडे धावली, मिठी मारायला हात पसरले आणि तिथेच थबकली. धरायला काही नव्हतंच. बाटल्या आपापल्या जागी उभ्या होत्या. तिचे पसरलेले हात तसेच हवेत राहिले. मग त्या हातांत तिने यास्नाला उचललं आणि गरगर फिरवलं. यास्ना हसत होती, रडत होती, पाय झाडत होती.

"आत्या, तुझी कंबर!"

"मरू दे कंबर!"

जमीन शांत झाली. आत्याने भाचीला खाली ठेवलं, टेबलाखालून दारूचं खोकं ओढलं आणि स्टुलावर चढली. बारीकसा पुन्हा एक धक्का आला. स्टूल डगमगलं. नोल्बेर्तोने घाबरून तिचे पाय धरले.

"मला काय धरतोस, मेल्या?" रिकाम्या कप्प्यात बाटल्या भराभर मांडत आत्या म्हणाली. "त्या गिऱ्हाइकाला फोन लाव. म्हणावं, दुकान विकायचं नाही. आणि उलिसेस, तुम्ही जेवण आटपा बघू, तुमच्या टेबलालाही रबर लावायचंय!"