डब्यातला डाव

माझे सासरे दत्तोपंत आणि लोह्याचे शेषेराव शाळेपासूनचे मित्र, आणि इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला शहाणा म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. नांदेडला एका बाकावर बसायचे. पुढे बाबा मास्तर होऊन लातूरला आले, शेषेराव शेती बघायला लोह्याला परत गेले. बुद्धिबळामुळे मैत्री टिकली असं बाबा म्हणतात. मला विचाराल तर ती भांडणामुळे टिकली.

दोघांचं बुद्धिबळ देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. किल्लेकोट वगैरे लाड नाहीत. त्याऐवजी राजाला एक सवलत: जोवर त्याला शह बसलेला नाही, तोवर अख्ख्या डावात एकदा त्याने घोड्यासारखी अडीच घरं उडी मारावी. शेषेराव ही उडी शेवटपर्यंत राखून ठेवत, आणि बाबा जिंकलो जिंकलो म्हणत असताना त्यांचा राजा टुणकन पलीकडे जाऊन बसे. मग बाबा दोन दिवस जेवताना बोलत नसत.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर शेषेराव किल्लारीकडच्या गावांना भाकरी द्यायला ट्रॅक्टर घेऊन निघाले होते, ते वाटेत आमच्याकडे थांबले. आमच्या घराला भेगा पडलेल्या. सगळी गल्ली मैदानात ताडपत्रीखाली झोपायची. झोपायची म्हणजे आडवी व्हायची. शेषेरावांनी पिशवीतून कापडी पट काढला आणि बाबांसमोर अंथरला. अधूनमधून धक्का बसायचा, सोंगट्या आडव्या व्हायच्या, आणि उंट कुठल्या घरात होता यावर दोघांची अशी जुंपायची की आजूबाजूची माणसं घाबरायचं विसरून न्यायनिवाडा करायला यायची. मी तेव्हा या घरात नवी होते. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसले ते या दोघांमुळे, हे मी कधी विसरले नाही.

पुढे दोघांचं येणं-जाणं कमी झालं. शेषेरावांना ऐकू येईना, बाबांचे गुडघे गेले. फोनवरून खेळायचा प्रयत्न झाला. इकडे एक पट, तिकडे एक पट, आणि मध्ये शेषेरावांचा कान. आठ दिवसांत दोन पटांवर दोन वेगवेगळे डाव झाले, आणि दोघांनीही आपण जिंकलो असं जाहीर केलं.

त्यावर तोडगा निघाला तो सृष्टीमुळे. सृष्टी ही शेषेरावांची नात. लातूरला शिकवणीसाठी आली आणि आमच्या वरच्या खोलीत राहिली. लातुरात शिकायला आलेल्या अर्ध्या पोरांचं पोट एसटीवर चालतं. आई पहाटे भाकरी थापते, डबा बसमध्ये देते, दहाच्या सुमाराला तो लातूरच्या स्टँडवर उतरतो आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा परत जातो. सृष्टीचा डबाही असाच यायचा. तिची आजी लक्ष्मीबाई तो भरायची आणि सिद्धेश्वर नावाचा कंडक्टर तो आपल्या सीटखाली सांभाळून आणायचा.

माझा नवरा आलोक शिकवणीत गणित शिकवतो, मी रसायनशास्त्र. आलोकचा एक जुना विद्यार्थी नांदेडला इंजिनिअरिंगला होता. त्याने बाबांसाठी कॉम्प्युटरवरचा एक गेम करून दिला. गेम कसला, नुसता पट होता. त्याला बुद्धी अशी अजिबात नव्हती. सोंगटी उचला, हवी तिथं ठेवा, फ्लॉपीवर साठवा. शेषेरावांच्या मुलाचं, बजरंगचं बियाण्याचं दुकान होतं. तिथं कॉम्प्युटर होताच. ठरलं. भाकरीच्या फडक्याखाली, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली फ्लॉपी येऊ लागली. बाबा चाल करत, आणि संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर ती परत जाई. सगळा पटच बसने ये-जा करत असल्यामुळे उंट कुठं होता हा वाद संपला. फ्लॉपीला ठेच्याचा वास यायचा, पण चालायची.

मग त्या दिवाळीनंतर आलोकने शिकवणीचे पेपर छापायला नवा कॉम्प्युटर घेतला. जुना दुकानदाराने बदल्यात नेला. नव्या यंत्राला फ्लॉपीची खाचच नव्हती.

"फ्लॉपी आता कोण वापरतं?" आलोक म्हणाला. "बाबा, तुम्हाला झकास गेम आणलाय. डीव्हीडीवर आहे. घोडे खरे वाटतात."

"मला खरा घोडा काय करायचाय," बाबा म्हणाले. पण पाहिला तेव्हा त्यांनाही आवडला. संगमरवरी पट, सावल्या पडायच्या, वजीर चालला की पावलं वाजायची. चालू डाव आलोकने एक-एक सोंगटी लावून नव्या पटावर उतरवला. एक डीव्हीडी कॉपी करून, तिच्यावर मार्करने 'शेषेरावकाका' असं लिहून ती डब्याबरोबर लोह्याला पाठवली. डाव साठवायला पेन ड्राइव्ह. तो इवलासा, म्हणून लक्ष्मीबाई त्याला दोरा ओवून डब्याच्या कडीला बांधायची.

दोन-चार चाली बऱ्या झाल्या. मग एका सकाळी बाबा पेन ड्राइव्ह लावून बसले आणि पट दोनदा निरखून पाहिला. त्यांनी वजीर उचलून ठेवला. यंत्रातून तुतारी वाजली, पलीकडचा राजा ढासळला. मात झाली होती.

"जिंकलात की," मी म्हटलं.

"जिंकलो." त्यांनी चष्मा पुसला. "शेषाने उडी मारली नाही. एकही शह बसलेला नव्हता. उडी मारली असती तर सुटला असता, वर माझाच हत्ती गेला असता. विसरला. वय झालं त्याचं."

दुपारपर्यंत मात्र गल्लीतल्या सगळ्यांना कळलं होतं की पंत जिंकले.

बाबांनी नवा डाव मांडून पेन ड्राइव्ह पाठवला. तो दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा परत आला, चाल न करता. पुन्हा पाठवला, पुन्हा तसाच आला. तिसऱ्यांदा डब्याच्या कडीला नुसता दोरा होता.

"हरला म्हणून रुसला," बाबा म्हणाले. "हा शाळेत असल्यापासून असाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

"फोन करून विचारा बजरंगला."

"मी जिंकलोय. मी कशाला विचारू?"

मीही मध्ये पडले नाही. दोन म्हाताऱ्यांच्या रुसव्यात पडायला माझ्याकडे वेळ नव्हता, बारावीच्या उजळण्या चालू होत्या. पण दहाच्या सुमाराला डबा आला की बाबा व्हरांड्यात येऊन उभे राहायचे, सृष्टी डबा घेऊन वर जायची, आणि बाबा रिकाम्या कुंडीला पाणी घालत बसायचे. ते मला बघवत नव्हतं. नवा कॉम्प्युटर उघडलाही जात नव्हता. आलोक एकदा म्हणाला, एवढा चांगला गेम आणला, तर आता खेळतच नाहीत.

संक्रांतीला सृष्टी लोह्याला गेली आणि तिळगूळ घेऊन परतली. बाबांच्या हातावर ठेवला, पाया पडली, आणि जायचं सोडून तिथंच उभी राहिली.

"पंत आजोबा, एक सांगू का? रागवायचं न्हाई."

"बोल."

"आबा तुमच्यावर लई नाराज हायेत. म्हणतेत, पंताला जिंकायचंच होतं तर मला सांगायचं होतं, मी आपणहून हरलो असतो. कायदा कशाला बदलायचा?"

"कुठला कायदा बदलला मी?"

"उडीचा. आबा राजा उचलायलेत, त्या घरात ठेवायलेत, अन् मशीन तो वापस ठेवायलंय. टुंग वाजतंय अन् वापस. बजरंगकाकांनी बी करून बघितलं. काका म्हणले, हा गेम पंतांच्या घरून आलाय, आता असंच खेळायचं म्हणत असतील. मग आबांनी दुसरीच चाल केली."

बाबा उठले. गुडघ्यांचं नाव न काढता आत गेले आणि कॉम्प्युटर लावला. नवा डाव मांडून राजापुढची जागा मोकळी केली, राजा उचलला, अडीच घरांवर ठेवला. टुंग वाजलं. राजा परत आपल्या घरात. बाबांनी पुन्हा ठेवला, पुन्हा टुंग. ते किती वेळ राजा उचलत राहिले कोण जाणे. एवढं देखणं यंत्र, पण देशी खेळ त्याला कुणी शिकवलाच नव्हता. ते आपल्या नियमाने बरोबरच होतं. आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि बाबांच्या येणार कसं, उडी मारायची पाळी त्यांच्यावर आलीच नव्हती.

"त्याला वाटलं मी बेइमानी केली," बाबा म्हणाले. "आणि मी गल्लीभर सांगत सुटलो की तो म्हातारा झाला."

मग म्हणाले, "मृण्मयी, डबा परत नेणारी गाडी कितीला असते?"

रविवारी सिद्धेश्वरची पाळी उलटी असे, सकाळी लातूरहून लोह्याला आणि संध्याकाळी परत; त्याच गाडीने मी त्यांच्याबरोबर निघाले. त्या गुडघ्यांवर एकटं कसं सोडणार. बाबांच्या एका हातात सृष्टीचा आदल्या दिवसाचा रिकामा डबा, खिशात जुनी फ्लॉपी. बजरंगच्या कॉम्प्युटरला खाच अजून आहे, त्यात जुना डाव सापडेल, असा त्यांचा हिशोब.

सिद्धेश्वरने त्यांना पुढची सीट दिली. "आज डब्यासंगं मास्तर बी पाठवायलेत का?" तो म्हणाला. बाबा हसले नाहीत. अहमदपूर मागे पडल्यावर तर नुसते डब्याची कडी खालीवर करत राहिले. शेषा मला दारातून परत पाठवेल का, असं त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हटलं, पाठवलं तर पुढच्या गाडीने परत जाऊ. दुसरं काय सांगणार.

लोह्याच्या अलीकडे रस्त्यालगतच शेषेरावांचं घर. पुढच्या खोलीत बजरंगचं दुकान, मागं शेत. ज्वारी कणसात आलेली, आणि पाखरं हाकायला ताटांवर दोऱ्या बांधून जुन्या सीड्या टांगलेल्या. उन्हात फिरत होत्या, चकाकत होत्या. बांधावरच्या पहिल्या दोरीला एक नवीकोरी होती. तिच्यावर आलोकचं अक्षर: शेषेरावकाका.

बाबांनी ती हातात धरून पाहिली आणि सोडून दिली. "योग्य जागी लावली," म्हणाले.

शेषेराव दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी पाहिलं, उठले नाहीत.

"गुडघे बरे झाले वाटतं," ते म्हणाले.

"नाही झाले," बाबा त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. "शेषा, कायदा मी बदलला नाही. त्या यंत्राला उडी ठाऊकच नाही. मला परवा कळलं."

"काय?"

"यंत्राला ठाऊक नाही."

"हे आज सांगायलास? महिना झाला."

"मला वाटलं तू विसरलास."

"उडी?" शेषेराव आता उठले. "मी उडी विसरीन? जेवायचं विसरीन एक वेळ."

बाबांनी फ्लॉपी पुढे केली. बजरंगने ती खाचेत सरकवली. यंत्र घर्रर्र करत राहिलं, थांबलं, पुन्हा घर्रर्र केलं, आणि फ्लॉपी वाचता येत नाही असं पडद्यावर आलं. ती बाहेर काढून, पुसून, फुंकर मारून पुन्हा घातली. तेच. बाबा तो काळा चौकोन हातात घेऊन उभे राहिले. एवढ्या लांब ते त्याच्याच भरवशावर आले होते.

शेषेराव आत गेले. बाहेर आले ते कापडी पट घेऊन, भूकंपाच्या वेळचा, मैदानातलाच. एक उंट तेव्हाच हरवला होता, त्याच्या जागी स्कूटरचा जुना प्लग. तो पट त्यांनी दुकानात, बियाण्याच्या पोत्यांमध्ये अंथरला.

"मांड," म्हणाले. "तू मात केलीस, त्याच्या आदली चाल."

दोघं मांडायला बसले. राजे बसले, वजीर बसले, हत्ती बसले. मग प्लगवर गाडी अडली.

"उंट इथं होता."

"इथं कसा असंल? तिथं माझं प्यादं होतं."

"ते तू आधीच घालवलं होतंस."

"पंत, तू लई लबाड हायेस."

लक्ष्मीबाईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं बाई. महिनाभर घरात आवाज नव्हता."

उंट शेवटी दोन घरांच्या मधोमध रेघेवर ठेवून तडजोड झाली. शेषेरावांनी राजा उचलला. घाई केली नाही. अडीच घरं पलीकडे नेऊन तो ठेवला आणि बोट त्याच्यावरच ठेवून बाबांकडे पाहिलं. कुठं टुंग वाजलं नाही.

"आता?" ते म्हणाले.

बाबांचा हत्ती गेला. मग घोडा गेला. आणखी थोड्या चालींत त्यांचा राजा कोपऱ्यात सापडला, सुटकेला घर उरलं नाही. शेषेरावांनी वजिराला हात घातला. तेवढ्यात बाबांनी मांडी बदलली, गुडघा पटाखाली गेला आणि सगळ्या सोंगट्या भडाभडा आडव्या झाल्या.

"धक्का बसला," बाबा म्हणाले.

अगदी हळू म्हणाले होते. पण शेषेरावांना नेमकं तेवढं ऐकू आलं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग बाबांचे. दोघं पोत्यांना टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि शेषेरावांनी बाबांचा हात जो धरला तो बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळची आमची गाडी येऊन गेली. सिद्धेश्वरने दोनदा हॉर्न वाजवायला लावला. दोघं पटावर वाकून सोंगट्या परत लावत होते, आणि प्लग कुठल्या घरात होता यावर पुन्हा जुंपली होती.